वन्सं, शेवटचा प्रसंग लिहून झाला

वन्सं, तुमच्याविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी तुमची आणि मग वाचणाऱ्यांची क्षमा मागते. हे काम माझ्याहून अधिक हक्काने करू शकतील अशी माणसे पुष्कळ आहेत. तुमचे बंधू आहेत, ज्यांनी तुम्हाला सायकल शिकवली आणि त्याच उत्साहाने पाडलेही. टेकडीवर रोज सकाळी आपापली कुत्री घेऊन येणारी तुमची मंडळी आहेत. मी केवळ भावजय. माझे आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तके जागच्या जागी ठेवण्यात गेले. स्वतःची म्हणावी अशी पहिली ओळ मी साठी उलटल्यावर लिहिली, तीही तुम्ही पाठीशी उभ्या राहून लिहायला लावलीत म्हणून. टेकडीच्या मंडळींनी आपल्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लेख मागितला, तेव्हा मी मोठ्या आशेने ह्यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "तूच लिही. मी लिहायचं आणि शरयूला उलट उत्तर देता यायचं नाही, हा तिच्यावर अन्याय होईल." एवढे बोलून चष्मा पुसायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तुम्ही कधी गेलात, कशाने गेलात, मागे कोण कोण आहे, हे सारे वर्तमानपत्राच्या चौकटीत येऊन गेले आहे. त्यात मला भर घालायची नाही. मला आपल्या सिनेमाविषयी बोलायचे आहे. त्याचा शेवटचा प्रसंग तेवढा लिहायचा राहिला होता. त्यावरून आपण भांडत होतो, आणि भांडण मिटण्याआधी तुम्ही उठून गेलात. तो प्रसंग आता कसा व्हावा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या पदराला बांधलेला आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडे मागचे सांगते. टेकडीवर बीगल जातीचे एक अवखळ पिल्लू घेऊन येणारी सायली नावाची मुलगी दूरदर्शन वाहिन्यांसाठी सिनेमे करते. तिला एका चॅनेलने सांगितले होते की रविवारी दुपारी जेवून लोळत पाहता येईल अशी हलकीफुलकी प्रेमकथा हवी, आणि नायक-नायिका दोघेही कुत्रेवेडे हवेत. तिने तुम्हाला विचारले. तुम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालात, "गोष्ट मी सांगते. लिहील आमची वहिनी. तिचं मराठी इतकं शुद्ध आहे की ऐकून कुत्रीसुद्धा सरळ बसतात." मला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. मी नाही म्हणायला तोंड उघडले, तोवर तुम्ही फोन ठेवलेला होता.

मी तुमच्या घरी लिहायला आले, तो दिवस मला लख्ख आठवतो. दारातच तुमचा तपकिरी बंड्या आडवा पसरलेला. मला कुत्र्यांची लहानपणापासून धास्ती. बेल वाजवण्याइतकेही पुढे जाता येईना. शेवटी जीव मुठीत धरून म्हटले, "अहो, जरा बाजूला होता का?"

बंड्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, उठला, आणि बाजूला झाला. माझ्या शब्दाला इतका तत्काळ मान आजवर कोणी दिला नव्हता. आतून तुमच्या हसण्याचा आवाज आला. तुम्ही हसत हसत जमिनीवरच बसलात. "वहिनी, अगं तो नाल्याच्या कडेला सापडलाय! संमेलनाचा अध्यक्ष नाही तो!" पण त्या दिवसापासून बंड्याचे बंडोपंत झाले, आणि तुम्हीही त्यांना अहो-जाहो करू लागलात. मी तुम्हाला 'वन्सं' म्हणते यावर मात्र तुमचा आक्षेप शेवटपर्यंत कायम होता. "वन्सं म्हटलंस की मला नथ घालून, ताट हातात देऊन उभं केल्यासारखं वाटतं." मी सवय बदलली नाही. आता बदलण्याचे कारणही उरले नाही.

लिहायला बसलो की आपली भांडणे सुरू होत. नायक-नायिका पन्नाशी ओलांडलेले असावेत, हे तुम्ही सायलीकडून आणि सायलीने चॅनेलकडून कसे मान्य करून घेतले, ते तुमचे तुम्हाला ठाऊक. मी नायकाच्या तोंडी पहिले भाषण लिहिले ते चांगले दीड पानाचे होते. ते मी तीनदा तपासले होते. तुम्ही ते डोळे मिटून ऐकलेत आणि म्हणालात, "वहिनी, हा माणूस प्रेम करतोय की आभारप्रदर्शन?" मला राग आला. मी म्हटले, सुशिक्षित माणूस आपल्या भावना नीट शब्दांत मांडू शकतो. तुम्ही म्हणालात, "मांडू शकतो. पण मांडतो का? दादानं तुला कधी काय मांडलं?" मग बंडोपंतांनी टेबलाखालून माझ्या पावलावर हनुवटी ठेवली, आणि आपण पुढच्या प्रसंगाकडे वळलो.

कुत्र्यांच्या माणसांना बोलायला कुत्रे लागते, हा तुमचा सिद्धान्त. तो पटवून देण्यासाठी तुम्ही मला एका सकाळी टेकडीवर नेलेत. तिथे मी पाहिले की वर्षानुवर्षे एकमेकांना भेटणाऱ्या माणसांना एकमेकांची नावे ठाऊक नाहीत. कुत्र्यांची मात्र सगळ्यांना ठाऊक. तुम्ही 'बंडोपंतांच्या आई'. पांढऱ्या, शेपूट गोल वळलेल्या एका वयस्कर कुत्रीचे नाव चकली, म्हणून तिला घेऊन येणारे उंच, सडपातळ गृहस्थ 'चकलीचे बाबा'. त्यांचे आडनाव देवस्थळी आहे, ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि एकटे राहतात, ही माहिती तुम्हाला दुसऱ्या वर्षी मिळाली होती, असे तुम्हीच सांगितलेत. कोणाला काही म्हणायचे असेल तर ते समोरच्याच्या कुत्र्याला सांगायचे. "चकलीबाई, तुमच्या बाबांनी आज दाढी केलेली दिसत नाही." त्यावर देवस्थळी बंडोपंतांना म्हणत, "पंत, तुमच्या आईला म्हणावं, आज रविवार आहे." मी चकित होऊन ऐकत राहिले. नाटकात लिहिले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता.

आणखी एक रीत त्या सकाळी कळली. टेकडीवरच्या कोणाला परगावी जायचे असले की तो दुसऱ्याला विचारतो, "आमच्याला ठेवून घ्याल का?" नाही असे कोणी म्हणत नाही. फक्त विचारतात, "किती दिवस?" मग खाण्यापिण्याच्या चार सूचना, एक जुनी चादर, आणि कुत्रे त्या घरी राहायला जाते. हा व्यवहार इतका रुळलेला होता की त्यात आभारसुद्धा कोणी मानत नसे. तुम्ही मला कोपराने ढोसून म्हणालात, "बघ, आमच्यात विश्वास म्हणजे हा. दागिने एकवेळ बँकेत ठेवू, कुत्रं असं कुणाकडेही ठेवत नाही."

सिनेमा असा रमतगमत शेवटापर्यंत आला, आणि तिथे आपण अडलो. चॅनेलला मांडव हवा होता. कुत्र्यांना फेटे, मंगलाष्टकांत भुंकणे, वर अक्षता. तुम्ही सायलीला बजावलेत, "बंडोपंतांना फेटा बांधायला जो येईल त्याला मी चावेन. त्यांना तसदी देणार नाही." माझ्या मनात वेगळेच होते. नायिकेने नायकाच्या दारात उभे राहून, मोजक्या पण सुंदर शब्दांत, आपले मन उघड करावे. मी ते लिहूनही आणले. तुम्ही वाचलेत, या खेपेला हसल्या नाहीत. म्हणालात, "छान लिहिलंयस. पण ही बाई असं बोलणार नाही."

"मग कसं बोलेल?"

"तेच तर मला कळत नाहीये."

"वन्सं, सिनेमा संपवायचा आहे."

"थांब गं. आधी टेकडीवर बोलून बघते. शनिवारी ये, मग लिहू."

मला वाटले, तुम्ही मंडळींची मते गोळा करणार. जंताच्या औषधापासून महापालिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळ्यावर तुम्ही टेकडीचे मत घेत होतात. मी निमूटपणे कागद आवरले. निघताना तुम्ही विनाकारण माझ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी दिलीत आणि जिना उतरेपर्यंत गुणगुणत उभ्या राहिलात. तुम्हाला गाता येत नाही, हे आपल्या घराण्यात सर्वमान्य आहे. तरीही तुम्ही गुणगुणत होतात. मी तेव्हाच विचारायला हवे होते की आज काय विशेष. पण भिडस्त माणसाला असे प्रश्न जिना उतरल्यावर सुचतात.

शनिवार आला, तेव्हा तुमच्या घरी माणसांची गर्दी होती आणि तुम्ही नव्हतात.

बंडोपंत आता आमच्याकडे सदाशिव पेठेत आहेत. 'कुत्रा घरात आला की मी बाहेर' असे पस्तीस-चाळीस वर्षे म्हणत आलेले तुमचे बंधू त्यांना रोज पहाटे फिरायला नेतात. परवा ऐकले, जिन्यात त्यांना म्हणत होते, "पंत, तुमच्या आईनं तुम्हाला फार लाडावून ठेवलंय. असू दे. आमच्या आईनं तिलाही असंच ठेवलं होतं." मी दार उघडायला निघाले होते, ते तशीच थांबले. तुम्ही गेलात आणि हे घर शांत होईल अशी मला भीती होती. तसे काही झाले नाही. पेपरवाला आला की बंडोपंत बोलतात, बंडोपंत बोलले की हे बोलतात, आणि मला हसू येते. दुःख आहेच, पण ते दिवसभर एका जागी बसू शकत नाही, त्याला फिरायला न्यावे लागते.

सायलीचा फोन आला, तो ती बिचारी रडतच बोलली. मग म्हणाली, "काकू, सॉरी, पण चॅनेल विचारतंय. एंड तुम्ही लिहिताय ना? नाहीतर ते मांडव टाकतील." मी म्हटले, लिहिते. फोन ठेवला आणि कोरा कागद घेऊन बसले. काही सुचेना. माझे दारातले भाषण होते, पण तुम्ही ते नाकारलेले. तुमच्या मनातले काय होते, ते मला माहीत नव्हते.

पुढच्या आठवड्यात देवस्थळी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात चकलीचा पट्टा. चकली थेट बंडोपंतांपाशी जाऊन बसली. देवस्थळी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. ह्यांनी विचारले, "चहा?" ते "हो" म्हणाले, चहा आला, निवला, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि मी पाहिले, ते बंडोपंतांकडे पाहून बोलत होते.

"पंत, तुमच्या मामींना एक गोष्ट सांगायची होती. शरयूबाई स्वतःच सांगणार होत्या. शनिवारी."

मी पदर सारखा केला. का, कोण जाणे.

"आम्ही बाकावर बसलो होतो, नेहमीच्या. बाई चकलीला म्हणाल्या, 'चकलीबाई, तुमच्या बाबांना विचारा, बंडोपंतांना आणि मला ठेवून घेतील का.' आता हे मी किती वेळा ऐकलेलं! मी आपलं नेहमीसारखं विचारलं, 'किती दिवस?'"

"मग?" ह्यांनी विचारले.

"म्हणाल्या, 'उरलेत तेवढे.'"

देवस्थळींचे कान लाल झाले होते, पण ते थांबले नाहीत. "मला तरीही कळलं नाही हो. मी खिशातून फोन काढला, तारखा बघायला. म्हटलं, हरकत नाही, फक्त दिवाळीत मी नाशिकला मुलीकडे असतो. तर म्हणाल्या, 'मग आम्हीही येऊ नाशिकला.' मी म्हटलं, पंतांना भात चालतो ना? म्हणाल्या, 'त्यांना पोळी लागते. भात मला.'"

"आणि तेव्हा कळलं तुम्हाला," हे म्हणाले.

"तेव्हा कळलं. मी उठून उभा राहिलो. चकलीला वाटलं निघालो, तीही उठली. मग मी परत बसलो. चांगलं काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, 'मागच्या खोलीतला पंखा फार आवाज करतो. तो दुरुस्त करून घेतो.'"

"आणि वन्सं?" मी विचारले.

"बाई पंतांना म्हणाल्या, 'ऐकलंत? यांच्याकडे पंखा आहे.' आणि मग हसत सुटल्या. त्या कशा हसायच्या तुम्हाला माहीत आहे. खालच्या वळणावरची माणसं वर बघायला लागली."

वन्सं, पुढचे चार दिवस तुम्ही दोघे रोजच्यासारखेच फिरलात, फक्त बाकावर जरा जास्त वेळ बसलात, असे ते म्हणाले. कोणालाही सांगायचे नाही, अशी तुमची ताकीद होती. "वहिनीला मी सांगणार. मला तिचा चेहरा बघायचाय." तो चेहरा मी केला, वन्सं. देवस्थळींनी पाहिला, तुमच्या बंधूंनी पाहिला, पंतांनी पाहिला. ज्यांच्यासाठी तो होता त्या तेवढ्या हजर नव्हत्या. याबद्दल तुमच्याशी भांडायचे माझे ठरले आहे. एवढा बेत पोटात ठेवून तुम्ही मला लोणचे दिलेत! पण खरे सांगू, त्या दुपारी मला रडण्याआधी हसू आले. इतकी वर्षे मी समजत होते की तुमच्या आयुष्यात ही जागा रिकामी राहिली. ती रिकामी नव्हती. तुम्ही विचारले होते, आणि तुम्हाला उत्तर मिळाले होते.

देवस्थळी निघताना मी कसेबसे विचारले, "हे... सिनेमात घेतलं तर चालेल का?" ते थोडा वेळ चकलीच्या पट्ट्याशी खेळत राहिले. "त्या मला म्हणाल्या होत्या, 'हे वहिनीला सिनेमासाठी फुकट सापडेल बघा.' घ्या. फक्त माझ्या जागी कोण काम करणार आहे ते बघा. फार देखणा नको. लोक हसतील." हे त्यांना खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले. तिथे दोघे बराच वेळ उभे होते. परत आल्यावर हे एवढेच म्हणाले, "मिस्त्री येऊन गेला म्हणाले. पंखा आता आवाज करत नाही."

तो प्रसंग मी एका बैठकीत लिहिला. एकही शब्द माझा नाही, आणि माझ्या हातून त्याहून चांगले काही लिहिले गेलेले नाही. माझे दारातले भाषण मी फाडून टाकले. ती बाई तसे बोलणार नव्हतीच. तुमचे बरोबर होते. हे वाक्य तुमच्या हयातीत माझ्याकडून ऐकायला तुम्हाला फार आवडले असते.

आता अडचण ऐका. चॅनेलच्या तरुण गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, सीन क्यूट आहे. पण तो 'हो' म्हणतच नाहीये. ऑडियन्स कन्फ्यूज होईल."

"अहो, तो हो म्हणाला," मी म्हटले.

"कुठे?"

"पंख्याच्या वाक्यात."

मग ते म्हणाले, "मॅडम, पुण्यात कळेल कदाचित. बाकीच्यांचं काय? अ‍ॅटलीस्ट एक अंगठी टाकू. नाहीतर शेवटी दोन मिनिटं मांडव. फेट्याचं कुत्रं लोकांना आवडतं."

मंडईत दोडके निबर निघाले तरी परत करायला मी ह्यांना पाठवते, हे तुम्ही चारचौघांत अनेकदा सांगितलेले आहे. पण टेबलाखाली बंडोपंत होते. मी म्हटले, "क्षमा करा, पण मांडव नको. अंगठी नको. तो प्रसंग जसा घडला तसा राहील, किंवा आम्हा दोघींची नावं आपण काढून टाका." इतके बोलून माझी मीच दचकले. स्वयंपाकघराच्या दारात हे उभे होते. त्यांनी काही न बोलता माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्यांचे मांडणे हे असे, वन्सं. तुम्ही विचारले होतेत ना.

सायली मध्ये पडली. तिने असा तोडगा काढला की प्रसंग आधी साध्या माणसांना वाचायला द्यावा. त्यांना कळला तर जसाच्या तसा ठेवायचा, नाही कळला तर मांडव. चॅनेलने ते मान्य केले आहे. म्हणून तुमच्यावरच्या लेखात मी तो सगळा सांगून टाकला. तुमच्या स्मृतीचा असा वापर केला याबद्दल रागावू नका. रागावणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही असतात तर याच्या आधीच टेकडीवर जाऊन सगळ्यांचे मत घेऊन आल्या असतात. तुमच्याइतका धीट आवाज माझ्याकडे नाही, पण ते काम आता माझ्याकडे आले आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्याला संकोचाने, पण सरळ विचारते. बाकावर बसलेला तो माणूस 'पंखा दुरुस्त करून घेतो' म्हणाला, तेव्हा तो 'हो' म्हणाला, हे आपल्याला कळले ना?